गुणाकाराचा घाट : पाढे न टिकणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी थोडा इतिहास



इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि सनावळ्या आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. परंतु आपल्या घरातील मूल मगरिबच्या नमाजनंतर वही पुढे घेऊन जो सातांचा पाढा घोकते, त्या पाढ्यालाही इतिहास आहे. बगदाद, दमास्कस आणि आपल्या खानदेशातील पाटण ही त्या इतिहासातील गावे आहेत. तो आज सांगण्याचे कारण असे की, ज्या मुलांना पाढे काही केल्या पाठ राहत नाहीत, त्यांच्याशी आपण कसे वागावे हे त्यातून कळते.

अशी मुले आपल्या लोणावळ्यात, भुशीत, मावळात आहेत आणि आपल्या समाजातही आहेत. पाढा चुकला की आधी छडी, मग टोमणे आणि शेवटी 'याच्या डोक्यात हिशेब नाही' हा निकाल ठरलेला. पाचवीत गणितात मागे पडलेला मुलगा आठवीत शाळा सोडतो आणि गॅरेजवर किंवा दुकानावर लागतो. मुलगी असेल तर 'तिला कुठे हिशेब लिहायचे आहेत' असे म्हणून तिचे दप्तर खुंटीला लागते. इल्म हासिल करणे हे फर्ज मानणाऱ्या समाजाने एका पाढ्यापायी मुलाचे शिक्षण थांबू द्यावे काय, हा प्रश्न आहे.

घाट चढण्याची रीत

प्रथम आपल्या अंगणातली गोष्ट पाहू. बोरघाटातून आगगाडी नेण्याचे काम ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने हाती घेतले. जेम्स बर्कली हे तिचे मुख्य अभियंते होते. हजारो मजुरांच्या घामाने आणि कित्येकांच्या प्राणांचे मोल देऊन तो मार्ग १८६३ साली खुला झाला. पुढे या मार्गावरील वाफेच्या इंजिनांना लागणाऱ्या पाण्यासाठीच रेल्वेने आपले भुशीचे धरण बांधले. आज पावसाळ्यात ज्याच्या पायऱ्यांवर बसून पर्यटक भिजतात, ते हेच धरण.

या घाटात काही ठिकाणी चढ ३७ फुटांत १ फूट असा आहे. आगगाडीच्या दृष्टीने हा चढ फार मोठा. शिवाय डोंगराचा आकार असा की खंडाळ्याच्या खाली एका ठिकाणी मार्ग सरळ पुढे नेणे जमेना. मग अभियंत्यांनी तेथे उलटे स्थानक केले. गाडी त्या स्थानकात जाई, इंजिन एका टोकाचे काढून दुसऱ्या टोकाला जोडले जाई आणि गाडी उलट दिशेने निघून पुढचा चढ चढे. १९२९ साली नवा मार्ग होईपर्यंत सहासष्ट वर्षे गाड्या अशाच चढल्या. 'ही गाडीच नालायक आहे' असे कोणी म्हटले नाही. चढ अवघड आहे हे मान्य करून वाट बदलण्यात आली.

पाढे न टिकणाऱ्या मुलापुढेही असाच एक घाट आहे. घोकंपट्टी ही त्याच्यावर चढण्याची सरळ वाट. बहुतेक मुलांना ती मानवते आणि त्यांनी ती जरूर घ्यावी. परंतु ज्यांना ती मानवत नाही त्यांच्यासाठी दुसऱ्या वाटा आहेत, आणि त्या आजच्या नाहीत, हजारो वर्षांच्या आहेत.

पंतोजींची शाळा

आपल्याकडे पाढ्यांचा एवढा दरारा का निर्माण झाला? जुन्या काळी गावोगावी पंतोजींच्या शाळा असत. धुळपाटीवर बोटाने किंवा काडीने आकडे गिरवायचे आणि तारस्वरात पाढे म्हणायचे, हाच तेथला मुख्य अभ्यास. पाढे तिसापर्यंत असत. त्याशिवाय अपूर्णांकांचे पाढे असत : पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. औट म्हणजे साडेतीन. चुकणाऱ्याला छडी मिळे किंवा अंगठे धरून उभे राहावे लागे.

ही सारी घोकंपट्टी निष्कारण नव्हती. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, मणाचे चाळीस शेर आणि शेराचे चार पाव, असा त्या वेळचा बाजार होता. साडेतीन शेर तुपाची किंमत जागच्या जागी सांगायची तर औटकी तोंडात हवी. कागद महाग, पाटी धुळीची. म्हणून मुलाचे डोके हीच वही होती.

१ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि १९५८पासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम व मीटर आले. तेव्हा ज्या पावकी-निमकीवर पिढ्यान् पिढ्या मुलांची हुशारी मोजली गेली, ती एका पिढीत विस्मरणात गेली. आज औटकी न येणाऱ्या मुलाला कोणी मठ्ठ म्हणत नाही, कारण त्याच्या आजोबांनाही ती येत नाही. बुद्धीची म्हणून जी परीक्षा आपण घेतो ती पुष्कळदा त्या काळच्या बाजाराची परीक्षा असते.

बगदाद, दमास्कस आणि पाटण

आता थोडे मागे जाऊ. प्राचीन मिसर देशात इ.स.पू. १५५०च्या सुमारास अहमोस नावाच्या लेखनिकाने लिहिलेली गणिताची गुंडाळी आजही जपून ठेवलेली आहे. मिसरी लोक गुणाकारासाठी पाढे वापरीत नसत, ते दुप्पट करीत जात. सात आठे किती हे काढायचे असेल तर एक वेळा आठ म्हणजे ८, त्याची दुप्पट १६, त्याची दुप्पट ३२. एक, दोन आणि चार मिळून सात होतात, म्हणून ८, १६ आणि ३२ यांची बेरीज करायची. उत्तर ५६.

पुढे नवव्या शतकात खलिफा मामूनच्या बगदादमध्ये मुहम्मद इब्न मूसा अल्-ख्वारिज्मी यांनी हिंदुस्थानी अंकांनी हिशेब कसा करावा यावर ग्रंथ लिहिला. त्याचे लॅटिन रूप युरोपात गेले. संगणकाच्या अभ्यासात आज जो 'अल्गोरिदम' शब्द सर्रास वापरतात तो ख्वारिज्मींच्या नावावरूनच आला. अरबी गणितात आणि त्यावरून झालेल्या लॅटिन पुस्तकांत बेरीज, वजाबाकी, गुणाकार व भागाकार यांच्याबरोबर दुप्पट करणे आणि निम्मे करणे ही स्वतंत्र कृत्ये म्हणून शिकवली जात. ज्या युक्तीला आज आपण 'कच्च्या मुलाची पळवाट' समजतो, तिला त्या पुस्तकांत स्वतःचे स्थान होते.

दहाव्या शतकात अबुल वफा अल्-बुज्जानी यांनी कारकून आणि व्यापाऱ्यांसाठी हिशेबाचे पुस्तक लिहिले. त्यात अंक वापरलेच नाहीत. हिशेब शब्दांत मांडलेले होते आणि करायचे ते मनात व बोटांवर. त्या काळी या रीतीला 'हाताचा हिशेब' म्हणत. तेव्हा मूल बोटे मोजताना दिसले की आपण त्याच्या हातावर फटका मारतो, त्यापूर्वी हे आठवावे. तसबीह बोटांच्या पेरांवर मोजणाऱ्या आपल्या लोकांना तर हे सांगायला नको.

याच शतकात, सन ९५२च्या सुमारास, दमास्कसमध्ये अल्-उक्लीदिसी यांनी आणखी एक मोलाची गोष्ट केली. त्या वेळी हिंदुस्थानी रीतीचा हिशेब धुळीच्या पाटीवर होत असे आणि एक पायरी झाली की आधीचे आकडे पुसले जात. उक्लीदिसींनी शाई आणि कागदावर करायच्या रीती सांगितल्या. त्यांत काही पुसावे लागत नाही, प्रत्येक पायरी डोळ्यांसमोर राहते. पाढे न टिकणाऱ्या मुलाची अडचण पुष्कळदा हीच असते. मधली संख्या मनाच्या पाटीवरून लगेच पुसली जाते. अशा मुलाला 'तोंडी सांग' म्हणून दटावणे म्हणजे हजार वर्षांपूर्वी मिळालेला कागद त्याच्या हातून काढून घेणे होय.

आणि आपल्या महाराष्ट्रात? चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखावरून कळते की, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी तेथे मठ स्थापन केला होता. हा लेख १२०७च्या सुमाराचा. भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या 'लीलावती'त गुणाकाराची एकच रीत दिलेली नाही. १३५ गुणिले १२ हे एकच उदाहरण घेऊन ते अनेक वाटा दाखवतात. बाराचे ८ आणि ४ असे तुकडे करा : १०८० अधिक ५४०. किंवा बारा म्हणजे तीन चोक, म्हणून आधी तिप्पट करा, मग चौपट. किंवा बारात आठ मिळवून वीस करा, २७०० काढा आणि जास्तीचे १०८० वजा करा. सगळीकडे उत्तर १६२०. अकबर बादशहाच्या आज्ञेवरून १५८७ साली फैजींनी या 'लीलावती'चे फारसीत भाषांतर केले. म्हणजे मराठी मुलखाशी नाते असलेले हे ज्ञान आपल्या पूर्वजांच्या विद्येच्या भाषेतही पोहोचले होते.

चौकटी आखून, तिरक्या रेषा मारून गुणाकार करण्याचीही एक जुनी रीत आहे. अरबीत तिला जाळे या अर्थाने 'शबका' म्हणत. समरकंदच्या अल्-काशी यांनी १४२७च्या ग्रंथात ती दिली आहे. सोळाव्या शतकातील भारतीय ग्रंथात ती 'कपाटसंधि' या नावाने येते. एकेका खणात एकच लहान गुणाकार, सगळे समोर, हातचा मनात धरण्याची दगदग कमी.

वाचकहो, या साऱ्याचा अर्थ एवढाच की, थोर गणितज्ञांनी गुणाकाराला एक दार ठेवले नव्हते. दारे पुष्कळ होती. आपण त्यांतले एकच उघडे ठेवले.

या अडचणीला नाव मिळाले

काही मुलांना सर्व विषय येतात, बोलणे-चालणे चतुर असते, पण आकड्यांशी जमत नाही, हे शिक्षकांना पूर्वीपासून दिसत होते. शास्त्रात त्याला नाव मिळायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले. १९१९च्या सुमारास स्वीडनचे डॉक्टर हेन्शेन यांनी मेंदूला इजा झाल्याने हिशेब करण्याची शक्ती गमावलेल्या रुग्णांचा अभ्यास मांडला. १९६३ साली अमेरिकेत सॅम्युएल कर्क यांनी 'अध्ययन अक्षमता' ही संज्ञा पुढे आणली. १९७४ साली त्या वेळच्या चेकोस्लोव्हाकियातील लादिस्लाव कोश्च यांनी अशा मुलांचा विचार केला की ज्यांच्या बाकी बुद्धीला काही झालेले नाही, परंतु जन्मतःच गणिताची बाजू कमकुवत आहे. हिला आज 'डिस्कॅल्क्युलिया' म्हणतात. निरनिराळ्या देशांतील पाहण्यांत शंभर मुलांत साधारण तीन ते सहा मुले अशी आढळतात. पन्नासांच्या वर्गात दोन-तीन म्हणा.

येथे एक शंका पालक हमखास काढतात. 'मदरशात याला सूरे पाठ होतात, मग सातांचा पाढा का होत नाही? हा आळस नाही तर काय?' शंका रास्त आहे, पण उत्तर आहे. सूरा लयीत असतो आणि एक शब्द पुढच्या शब्दाला ओढून आणतो. पाढ्यांत तेच ते आकडे पुनःपुन्हा वेगळ्या जोड्यांनी येतात : सात सक बेचाळीस, सात अठ्ठे छप्पन्न, आठ सक अठ्ठेचाळीस. काही मुलांच्या स्मरणात या सारख्या दिसणाऱ्या जोड्या एकमेकींत गुंततात. आज आलेला पाढा उद्या जातो तो यामुळे. मूल ढोंग करीत नसते.

आणखी एक अडचण आपल्या भाषांची आहे. 'त्रेसष्ट' म्हणताना आधी तीन येतात, मग साठ. लिहिताना मात्र आधी ६ आणि मग ३. उर्दूतील 'तिरसठ'चेही तसेच. शिवाय उर्दू माध्यमाच्या मुलाची अक्षरे उजवीकडून डावीकडे जातात आणि आकडे डावीकडून उजवीकडे. सात नव्वे त्रेसष्ट हे बरोबर म्हणून मूल ३६ लिहिते, आणि गुरुजी पाढा चुकला म्हणून फुली मारतात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'साठ तीन' अशा वाचनाचा समावेश झाला, तेव्हा मोठा वाद झाला आणि तो विधानसभेपर्यंत गेला. वाद कसाही असो, अडचण खरी आहे हे त्यामुळे सर्वांना कळले.

मूल गुणाकार कसे शिकते

कोणतेही मूल गुणाकाराच्या चार पायऱ्या चढते. पहिल्या पायरीवर ते सगळ्या वस्तू एकेक करून मोजते. दुसरीवर टप्प्याने मोजते : सात, चौदा, एकवीस. तिसरीवर माहीत असलेल्या उत्तरावरून नवे काढते : पाच आठे चाळीस, म्हणून सात आठे त्यात सोळा जास्त. चौथ्या पायरीवर उत्तर आपोआप ओठांवर येते. बहुतेक मुले पुरेसा सराव मिळाला की एकामागून एक पायरी चढतात. आपण ज्या मुलांविषयी बोलत आहोत ती पहिल्या-दुसऱ्या पायरीवर वर्षानुवर्षे थांबतात आणि मोजतानाही चुकतात. आपण त्यांना तेथून उचलून एकदम चौथ्या पायरीवर ठेवू पाहतो आणि ती घसरतात. त्यांना तिसरी पायरी मुद्दाम, सावकाश आणि हाताने शिकवावी लागते. ती पक्की झाली की चौथी पूर्ण आली नाही तरी गुणाकार अडत नाही.

ही तिसरी पायरी म्हणजे भास्कराचार्यांचे तुकडे आणि मिसरी लोकांची दुप्पट होय. घरी ती अशी शिकवता येईल.

मशिदीतल्या सफा आठवा. आठ-आठ जणांच्या सात सफा उभ्या आहेत. पाच सफांत चाळीस आणि उरलेल्या दोनांत सोळा, म्हणून छप्पन्न. लोणावळ्यात राहणाऱ्याला चिक्कीची लादी ठाऊक असते. उभ्या-आडव्या रेघांनी तिचे चौकोन पाडतात. कागदावर तशी लादी आखा, मुलाला ती हवी तेथे तोडू द्या आणि दोन तुकडे मोजून जोडू द्या. लादी फिरवली तरी तुकडे तेवढेच राहतात, हेही त्याला दिसू द्या. सात आठे आणि आठ सत्ते एकच, हे शंभरदा सांगून जे कळत नाही ते एकदा फिरवून कळते. तरावीहच्या वीस रकाती दोन-दोनांनी दहा, चार-चारांनी पाच. तसबीहचे तेहतीस तीन वेळा म्हणजे नव्व्याण्णव. ही उदाहरणे मुलाच्या अंगवळणी पडलेली आहेत. त्यांना फक्त गुणाकार हे नाव द्यायचे आहे.

मग ओझे किती उरते तेही पाहा. एक ते दहाचे पाढे म्हणजे शंभर उत्तरे. उलटसुलट जोड्या एकच धरल्या की पंचावन्न राहतात. एक, दोन, पाच आणि दहा हे सोपे पाढे वगळले की एकवीस. नऊचा पाढा दहाच्या पाढ्यातून एकेक कमी करून काढता येतो, तो वगळला की पंधरा. चार म्हणजे दोनदा दुप्पट, ते वगळले की फक्त दहा. शंभर पायऱ्यांचा घाट पाहून जे मूल खाली बसले होते, त्याला दहा पायऱ्या दाखवल्या तर ते उठेल की नाही?

सराव रोज दहा मिनिटे पुरे. एका वेळी दोन-तीनच उत्तरे घ्यावीत, घड्याळ लावू नये, भावंडांशी तुलना करू नये. उत्तर चुकले तर 'कसे काढलेस?' असे विचारावे. चूक कोणत्या पायरीवर झाली ते त्याच्या उत्तरातून कळते.

मात्र एक सावधगिरी हवी. पाढा न येणारे प्रत्येक मूल या वर्गातले नसते. नजर अधू आहे का, ऐकू कमी येते का, शाळा बुडाली का, माध्यम बदलले का, हे आधी पाहावे. आणि नीट शिकवूनही तिसरी-चौथीपर्यंत लहानसहान बेरजा बोटांवरच राहिल्या, दोन संख्यांत मोठी कोणती हे सांगताना अडखळणे सुटले नाही, सुट्टे पैसे आणि घड्याळ उमगले नाही, तर तपासणी करून घ्यावी. त्यात कमीपणा नाही. चष्मा लागला म्हणून कोणी मुलाला लपवून ठेवत नाही.

हक्काची गोष्ट

अशा मुलांना परीक्षेत सवलती देण्यात आपले राज्य अग्रेसर राहिले. १९९६ साली महाराष्ट्र शासनाने अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांसाठी सवलती मान्य केल्या. जादा वेळ आणि गणकयंत्राचा वापर या त्यांतल्या प्रमुख. २०१६ साली संसदेने केलेल्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला आणि त्यात डिस्कॅल्क्युलियाचे नावही आले. सवलतीसाठी शासनाने अधिकृत केलेल्या रुग्णालयाचे प्रमाणपत्र लागते. नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून दहावीची वाट न पाहता आधीच मुख्याध्यापकांना भेटून माहिती घ्यावी. ही खैरात नाही, हक्क आहे.

विद्यार्थी मित्रांनो, शेवटचे दोन शब्द तुमच्यासाठी. तुमच्यापैकी कोणाला पाढे येत नसतील तर मनात धरू नका. तुम्ही दुप्पट करून, तुकडे पाडून, चौकटी आखून गुणाकार करता तेव्हा तुम्ही भास्कराचार्यांच्या आणि अल्-काशींच्या वाटेने चालता. वर्गमित्राला पाढे येत नसतील तर त्याला हसू नका, त्याच्या शेजारी बसून एक लादी आखा. आणि पालकहो, आज संध्याकाळी 'सातांचा पाढा म्हण' असे फर्मावण्याऐवजी एवढेच विचारून पाहा : 'बेटा, सात आठे तू कसे काढशील?' उत्तर यायला वेळ लागेल. तेवढा वेळ त्याला द्या.